उत्तराबरोबर रीतही

गणिताच्या पेपरात नुसते उत्तर लिहिणाऱ्या मुलाला आम्ही शिक्षक पुरे गुण देत नाही. रीत कोठे आहे, असे विचारतो. संगणकाच्या जगातही हा प्रश्न विचारला गेला, आणि एकदा तर तो न्यायासनापुढे गेला. त्याची हकीकत आज सांगावयाची आहे.

प्रोग्रॅम लिहिणारा जे लिहितो ते माणसाला वाचता येते. तो सोर्स कोड. यंत्रासाठी त्याचे शून्य-एकांत रूपांतर होते, ती बायनरी. बायनरी चालते, पण तिच्यावरून दुरुस्ती करणे जवळजवळ अशक्य. १९८० च्या सुमारास अमेरिकेतील एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन यांना एका लेसर प्रिंटरचे सॉफ्टवेअर सुधारावयाचे होते. त्याचा सोर्स कोड त्यांना नाकारण्यात आला. हा सल त्यांच्या मनात राहिला, आणि १९८९ साली जीपीएल हा परवाना निघाला. १९९१ ची त्याची दुसरी आवृत्ती पुढे लिनक्सने स्वीकारली.

हा परवाना पैसे मागत नाही. वापरा, बदला, विकाही. घरच्या घरी वापरणाऱ्यावर काहीच बंधन नाही. मात्र बायनरी दुसऱ्याच्या हाती दिली, की तिच्याबरोबर संपूर्ण सोर्स कोड द्यावा लागतो. नाहीतर निदान तीन वर्षे, मागेल त्याला, केवळ प्रत करून देण्याच्या खर्चात तो देऊ, असे लेखी वचन द्यावे लागते. बायनरी तयार करण्याच्या आज्ञाही त्यात हव्यात, आणि परवान्याची प्रतही. रीत अर्धीमुर्धी चालत नाही, हे आम्हा मास्तरांना मनापासून पटावे!

आता २००३ सालाकडे वळू. लिंक्सिस या कंपनीचा डब्ल्यूआरटी५४जी नावाचा निळा-काळा राउटर तेव्हा घरोघर खपत होता. त्याच वर्षी सिस्को या बड्या कंपनीने लिंक्सिस विकत घेतली. काही चौकस ग्राहकांनी राउटरच्या आत डोकावून पाहिले, तो आत लिनक्स! सोर्स कोड मात्र दिलेला नव्हता. गंमत अशी, की आतली चिप ब्रॉडकॉमची, सॉफ्टवेअरही पुरवठादारांच्या हातून आलेले; वर नाव लावणाऱ्याला आत काय आहे याचा नीट पत्ता नसावा, असेच वाटते. पण वचन पाळण्याची जबाबदारी विकणाऱ्याची. बोभाटा झाल्यावर त्याच वर्षी सोर्स कोड प्रसिद्ध झाला.

जर्मनीत प्रकरण कोर्टात गेले. लिनक्समधील नेटफिल्टर या भागाचे एक कर्ते हाराल्ड वेल्टे यांनी सायटकॉम या डच कंपनीविरुद्ध म्युनिकच्या न्यायालयात दाद मागितली. एप्रिल २००४ मध्ये मनाईहुकूम निघाला, आणि १९ मे रोजी तो कायम झाला. परवान्याच्या अटी बंधनकारकच नाहीत, असे कोणी म्हणेल. न्यायालयाचा विचार मोठा मार्मिक होता: परवाना लागू नसेल, तर प्रती करून वाटण्याची परवानगी तुला मुळात दिली कोणी? लेखकाचा हक्क तर कायद्याने शाबूतच आहे. म्हणजे अटी झिडकारणाऱ्याच्या पायाखालची जमीनच सरकते.

पुढे २००७ साली अमेरिकेत बिझीबॉक्स या प्रोग्रॅमच्या कर्त्यांनी दावा लावला. तो तडजोडीने मिटला. त्याच वर्षीच्या तिसऱ्या आवृत्तीने जरा सबुरी दाखवली. पहिलीच चूक असेल आणि सूचना मिळाल्यापासून ३० दिवसांत ती सुधारली, तर गेलेला हक्क परत मिळतो.

आणि त्या निळ्या-काळ्या राउटरचे काय झाले? हाती आलेल्या सोर्स कोडवरून लोकांनी २००४ मध्ये ओपनडब्ल्यूआरटी उभे केले. ते आजही शेकडो जातींच्या राउटरांवर चालते. लिंक्सिसने २००५ मध्ये आपल्या मुख्य नमुन्यातून लिनक्स काढून टाकले खरे. पण ग्राहकांना तेच हवे होते. मग त्यांच्यासाठी लिनक्सचा जुना नमुना कंपनीने निराळा ठेवला, आणि त्याच्या नावापुढे एक ‘एल’ जोडला.