डोंगरवाटा, पाऊसपाणी आणि सायकलचे टायर

सायकल कितीही महाग असो, तिची चौकट कार्बनची असो वा ॲल्युमिनियमची, जमिनीशी तिचा संबंध येतो तो आगपेटीहून थोड्या मोठ्या अशा रबराच्या दोन तुकड्यांतून. चढावरची पकड, उतारावरचा ब्रेक आणि वळणावरचा तोल हे सारे त्या दोन तुकड्यांच्या भरवशावर चालते. तरीही नवी सायकल घेताना गिअर किती, शॉक-ॲब्सॉर्बर कोणते, डिस्क ब्रेक आहेत की नाहीत, याची चौकशी तपशिलाने होते आणि टायरकडे लक्ष जाते ते पहिल्या पंक्चरच्या वेळी. पुणे, मुंबई, नाशिक वा कोल्हापूरच्या सायकलस्वाराला हे परवडणारे नाही. ‘कोरडी वाट’ आणि ‘ओली वाट’ असे दोन रकाने करून टायरची निवड सांगण्याची सर्वसाधारण पद्धत आहे. सह्याद्रीत मात्र एकाच वाटेवर जूनपासून मेपर्यंत तीन निरनिराळ्या जमिनी भेटतात.

डोंगरी सायकलचा उगमच मुळी टायरमध्ये आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियातील मरिन परगण्यातल्या काही हौशी तरुणांनी 1970च्या दशकात जुन्या, जड सायकली डोंगरावर चढवून उतारावरून सोडण्याचा उद्योग आरंभला. 1976मध्ये तेथे ‘रिपॅक’ नावाची उताराची शर्यतही सुरू झाली. त्यांनी 1930-40च्या काळातल्या सायकली निवडल्या, कारण त्यांना 26 इंची, दोन इंचांहून अधिक रुंद असे फुगीर टायर बसत. खडबडीत उतारावर तग धरणारे तेवढेच एक चाक तेव्हा उपलब्ध होते. पुढे चौकट बदलली, गिअर आले, धक्के शोषणारे फोर्क आले. रुंद टायर मात्र कायम राहिला.

टायरवरचे आकडे

दुकानात गेल्यावर पहिला गोंधळ होतो तो मापांचा. आज डोंगरी सायकली प्रामुख्याने 27.5 आणि 29 इंची चाकांच्या मिळतात. 26 इंची चाके जुन्या व स्वस्त सायकलींवर अद्याप दिसतात. इंचांतील हे आकडे ढोबळ असतात. खरे माप टायरच्या बाजूवर बारीक अक्षरांत कोरलेले असते. 57-622 याचा अर्थ टायरची रुंदी 57 मिलिमीटर आणि रिमवर जेथे टायर बसतो तेथील व्यास 622 मिलिमीटर. हा दुसरा आकडा 26 इंची चाकासाठी 559, 27.5साठी 584 आणि 29साठी 622 असतो. तो जुळला नाही तर टायर बसणारच नाही. गंमत अशी की आपल्याकडील दूधवाल्यांच्या आणि पोस्टमनच्या काळ्या सायकलच्या 28 इंची चाकाचा हा व्यास 635 मिलिमीटर असतो. म्हणजे ‘मोठे चाक’ म्हणून मिरवले जाणारे 29 इंची चाक प्रत्यक्षात आजोबांच्या सायकलच्या रिमहून लहान रिमवर उभे आहे. त्याची उंची वाढते ती केवळ जाड टायरमुळे.

रुंदीच्या बाबतीत 2.2 ते 2.4 इंच हा आपल्या वाटांसाठी सर्वांत सोयीचा पट्टा होय. याहून अरुंद टायर दगडावर आपटून रिमला पोचे आणतो, याहून रुंद टायर चढावर दमवतो. टायर घेण्यापूर्वी चौकट व फोर्क यांच्याशी त्याचे अंतर किती राहील हे अवश्य पाहावे. चारी बाजूंनी निदान सहा मिलिमीटर मोकळे हवेत, अन्यथा पावसाळ्यात चिखल अडकून चाक जागीच थांबते.

नक्षी आणि रबर

टायरच्या नक्षीत दोन प्रकारचे उंचवटे असतात. मधल्या ओळीतले उंचवटे चढावर जोर लावताना आणि ब्रेक मारताना कामाला येतात. कडेचे उंचवटे सरळ चालताना जमिनीला टेकतही नाहीत, पण सायकल वळणावर कलली की सारा भार त्यांच्यावर येतो. उंचवटे बुटके आणि एकमेकांना चिकटून असले तर टायर वेगाने धावतो व कातळावर अधिक रबर टेकवतो. ते उंच आणि विरळ असले तर मऊ मातीत रुततात आणि चिखल स्वतःहून झटकून टाकतात.

नक्षी डोळ्यांना दिसते, म्हणून तिच्यावर चर्चाही फार होते. रबराचा मऊपणा दिसत नाही, पण आमच्या मते ओल्या दगडावर त्याचे महत्त्व नक्षीहून अधिक आहे. कातळात उंचवटा रुतू शकत नाही. तेथे पकड मिळते ती रबर दगडाच्या सूक्ष्म खाचाखोचांत दबून बसल्यामुळे, आणि कठीण रबर तसे बसत नाही. रबराची कठिणता शोअर-ए या मापाने मोजतात. साधारण 60 ते 70चे रबर टिकाऊ व वेगवान, 50च्या आसपासचे मध्यम आणि 42च्या जवळचे अतिशय मऊ समजावे. स्वस्त सायकलींबरोबर येणारे टायर बहुधा कठीण रबराचे असतात. ते वर्षानुवर्षे झिजत नाहीत याचे आपण कौतुक करतो, पण न झिजण्याची किंमत ओल्या उतारावर मोजावी लागते. चांगल्या कंपन्या एकच नक्षी दोन-तीन प्रकारच्या रबरांत विकतात. तेव्हा टायरचे नुसते नाव विचारून भागत नाही, रबर कोणते तेही विचारावे.

तिसरी गोष्ट टायरच्या कापडी अस्तराची. पातळ अस्तराचा टायर हलका व लवचिक असतो, पण अणकुचीदार दगडाने त्याची बाजू फाटते. ट्यूबचे पंक्चर पाच मिनिटांत निघते. बाजू फाटलेला टायर घेऊन मात्र डोंगरातून चालत उतरावे लागते. सह्याद्रीत थोडे वजन सोसून भक्कम बाजूचा टायर घेणेच शहाणपणाचे.

पुढचा वेगळा, मागचा वेगळा

दोन्ही चाकांना एकसारखे टायर असावेत असा आपल्याकडे समज आहे. वास्तविक दोघांची कामे निराळी आहेत. मागचे चाक घसरले तर सायकलची शेपटी डुलते आणि बहुतेक वेळा ती सावरता येते. पुढचे चाक घसरले तर सावरायला वेळच मिळत नाही. खांदा वा मनगट थेट जमिनीवर येते. म्हणून पुढे रुंद, मऊ रबराचा आणि ठसठशीत कडांचा टायर घालावा. मागे किंचित अरुंद, कमी नक्षीचा आणि थोड्या कठीण रबराचा चालतो. मागच्या चाकावर भार अधिक असल्याने तो लवकर झिजतो आणि पायांची ताकदही अधिक खातो, त्यामुळे हा सौदा दुहेरी फायद्याचा ठरतो. मॅक्सिसचा मिनियन डीएचएफ पुढे आणि अर्डेंट किंवा आयकॉन मागे, अथवा श्वाल्बेचा मॅजिक मेरी पुढे आणि नॉबी निक मागे, अशा जोड्या याच तत्त्वावर लावल्या जातात. एकच टायर घेण्याइतके पैसे असतील तर नवा टायर पुढे घालावा आणि पुढचा जुना मागे न्यावा. पुष्कळ जण नेमके उलटे करतात, कारण गुळगुळीत झालेला मागचाच टायर असतो. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण असतो, तो मात्र बसवताना पाहावा.

सह्याद्रीचे तीन ऋतू

पावसाळ्यापासून सुरुवात करू. पुण्यात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तर महाबळेश्वर वा ताम्हिणीच्या बाजूला त्याच्या कित्येक पट. शहरातून कोरड्या रस्त्याने निघालेला सायकलस्वार तासा-दोन तासांत पूर्णतः वेगळ्या जमिनीवर जातो. घाटमाथ्यावरचा काळा बेसाल्ट पहिल्या पंधरवड्यात स्वच्छ धुतलेला असतो आणि पकडही बरी देतो. जुलै उजाडला की त्यावर शेवाळाचा पातळ थर चढतो. हा हिरवट-काळा थर कोणत्याही टायरला जुमानत नाही. मऊ रबर व कमी हवा यांनी धोका कमी होतो, संपत नाही. अशा कातळावर वळण घेऊ नये आणि पुढचा ब्रेक दाबू नये. शक्य तर उतरून चालावे. झाडांची ओली मुळे आडवी आली तर तीही शक्यतो काटकोनात ओलांडावीत.

लाल मातीच्या वाटांवर, म्हणजे कोकणात आणि जांभ्याच्या पठारांवर, उंच व विरळ उंचवट्यांचा टायर उत्तम चालतो. जांभा खरखरीत असल्याने ओला असतानाही धरून ठेवतो, मात्र पडल्यास कातडी सोलून काढतो. काळ्या मातीची गोष्ट निराळी आहे. ती ओली झाली की टायरला थापली जाते, फोर्कमध्ये साचते आणि शंभर पावलांत चाक फिरेनासे होते. येथे खास चिखलासाठी बनवलेले अरुंद, खिळ्यांसारख्या नक्षीचे टायरही फार काळ टिकाव धरत नाहीत. काळ्या रानातून जाणारी वाट पाऊस उघडून दोन-तीन दिवस होईपर्यंत टाळावी. त्यात शेतकऱ्याच्या बांधाचाही विचार आहे, कारण ओल्या मातीत पडलेली चाकोरी पुढच्या सरीत ओहोळ होते.

ऑक्टोबरच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंतचे दिवस सर्वांत सुखाचे. माती ओलसर पण घट्ट असते, शेवाळ वाळलेले असते आणि मध्यम उंचीच्या नक्षीचा कोणताही बरा टायर चोख काम देतो. वर्षातून एकच जोडी घेणाऱ्याने ती याच हंगामाच्या हिशेबाने घ्यावी.

उन्हाळ्यातील धोका अनेकांच्या ध्यानात येत नाही. फेब्रुवारीनंतर टेकड्यांवरचा मुरूम सुटा होतो. कठीण पृष्ठभागावर बारीक खडे आणि त्यावर धूळ, अशी ही रचना म्हणजे फरशीवर मोहरी सांडावी तशी. पुण्याच्या वेताळ टेकडीवर एप्रिलमध्ये घसरून पडणाऱ्यांना ‘कोरड्या वाटेवर कसे पडलो’ याचे नवल वाटते. येथे लागतात ते मधे दाट आणि कडांना भक्कम उंचवटे. फार उंच नक्षी कठीण जमिनीवर मुडपते आणि वळणात दगा देते. पावसाळ्यात उपयोगी पडलेला चिखलाचा टायर उन्हाळ्यात काढून ठेवण्याचे कारण हेच.

हवा किती भरावी

नवा टायर घेण्याआधी प्रत्येकाने करून पाहावा असा फुकटचा उपाय म्हणजे हवा कमी करणे. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे चाक दगडासारखे होईपर्यंत हवा भरण्याची पद्धत आहे. डांबरी रस्त्यावर ती ठीक असेलही. हिशेब सोपा आहे. मागच्या चाकावर 50 किलो, म्हणजे 110 पौंड भार असेल आणि हवा 50 पीएसआय असेल, तर जमिनीला टेकणारा रबराचा तुकडा साधारण 2.2 चौरस इंचांचा होतो. हवा 25वर आणली की तोच तुकडा जवळजवळ दुप्पट होतो. शिवाय मऊ टायर खड्यांवरून उड्या न मारता त्यांना कवेत घेतो.

सत्तर किलोच्या माणसाने 2.3 ते 2.4 इंची टायरमध्ये ट्यूब नसल्यास पुढे 22-24 आणि मागे 25-27 पीएसआयपासून सुरुवात करावी. ट्यूब असल्यास दोन्हींत पाच-सहा वाढवावेत, नाहीतर दगड व रिम यांच्यामध्ये ट्यूब चिरडून तिला सापाच्या दंशासारखी दोन भोके पडतात. ओल्या वाटेसाठी आणखी दोनने कमी चालतील. वळणात टायर डगमगू लागला किंवा रिम दगडाला लागल्याचा खडखडाट ऐकू आला, तर हवा फार कमी झाली असे समजावे. बोटांनी दाबून अंदाज घेण्याऐवजी छोटा मापक जवळ बाळगावा. हवेचा दाब हवामानानुसारही बदलतो. सावलीत भरलेल्या चाकाचे तापमान उन्हात 20 अंशांनी वाढले तर दाब सुमारे अडीच पीएसआयने चढतो. मुंबईत भरलेले चाक महाबळेश्वरला नेले तर बाहेरची हवा विरळ असल्यामुळे मापक दोनेक पीएसआय अधिक दाखवतो. थंडीमुळे त्यातला काही भाग पुन्हा वजा होतो, ही गोष्ट वेगळी.

काट्यांचा बंदोबस्त

बाभूळ, बोर आणि सराटा ही आपल्याकडची खरी परीक्षा. सराट्याचा काटा कसाही पडला तरी त्याचे एक टोक वरच राहते. यावर ट्यूबविरहित टायरइतका चांगला तोडगा नाही. रिमला हवाबंद पट्टी लावून टायरमध्ये रबराच्या चिकाचे द्रावण ओततात; काटा घुसला की ते द्रावण भोकाशी येऊन गोठते आणि चाक चालत राहते. सायकलसाठी ही पद्धत 1999च्या सुमारास बाजारात आली आणि आता मध्यम किमतीच्या सायकलींवरही दिसते. रिम आणि टायर दोन्ही त्यासाठी योग्य आहेत याची खात्री मात्र करून घ्यावी. रुतलेला बाभळीचा काटा वाटेत उपटण्याची घाई करू नये. तो स्वतःच बुचाचे काम करत असतो. बाजू फाटल्यास द्रावण हतबल ठरते, तेव्हा एक जादा ट्यूब, पंप आणि टायर काढण्याच्या पट्ट्या पिशवीत हव्यातच.

राहता राहिला प्रश्न डांबराचा. शहरातल्या बहुतेकांना डोंगरवाटेपर्यंत पंधरा-वीस किलोमीटर रस्त्यानेच जावे लागते आणि मऊ रबराच्या टायरला काही हजार रुपये पडतात. ते डांबरावर झिजवणे जिवावर येते. अशांनी मऊ टायर फक्त पुढे ठेवावा, मागे मध्यम रबराचा, दाट मधल्या ओळीचा टायर वापरावा, रस्त्यावर पाच-सात पीएसआय हवा जास्त ठेवावी आणि वाट सुरू होते तेथे थांबून ती सोडावी. अर्धा मिनिट लागतो.

टायर बदलण्याची वेळ मधल्या उंचवट्यांवरून ठरवू नये. कडेच्या उंचवट्यांच्या मुळाशी चिरा दिसू लागल्या, किंवा त्यांच्या धारा गोल झाल्या, की पुढच्या चाकावर तो टायर ठेवू नये, मग मधली नक्षी कितीही ताजी दिसो. द्रावण आपल्या उन्हाळ्यात दोन-तीन महिन्यांत सुकते. मे महिन्याच्या अखेरीस, पाऊस सुरू होण्यापूर्वी, टायरची एक कड उघडून आतला वाळलेला चीक काढावा आणि नवे द्रावण भरावे. चिखलाचा टायर चढवायचा असेल तर तोही त्याच वेळी चढवून घ्यावा.