केहिमकरांचा बेने इझ्राएल इतिहास
कोकणातील मराठी भाषक ज्यूंचा, म्हणजे बेने इझ्राएलांचा, हाइम सॅम्युएल केहिमकर यांनी लिहिलेला इंग्रजी इतिहास. तो १८९७ मध्ये लिहून झाला. प्रसिद्ध मात्र लेखकाच्या निधनानंतर, तेल अवीव येथे १९३७ मध्ये झाला. युद्धांच्या प्रसंगी केहिमकरांचे लक्ष राजांच्या जयापजयापेक्षा स्वसमाजातील सैनिकांकडे अधिक आहे. दुसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७८०–८४) कंपनीच्या फौजेतील सॅम्युएल एझिकिएल दिवेकर कैद झाले. सुटकेनंतर त्यांनी १७९६ मध्ये मुंबईस समाजाचे पहिले प्रार्थनामंदिर उभारले. कुराणात उल्लेखिलेले ‘बनी इस्राईल’ ते हेच, असे कळताच टिपूच्या आईने कैद्यांसाठी रदबदली केली, अशी समाजात आख्यायिका आहे. तिला समकालीन कागदपत्रांइतके प्रमाण मानता येत नाही. मंदिर मात्र अद्याप अस्तित्वात आहे.