स्वस्तातला ब्रश आणि काळपुळी

आजच्या भागाचं नाव वाचून काही जण म्हणाले असतील, दाढीच्या ब्रशला कसला आलाय इतिहास? आलाय, आणि चांगलाच रक्तबंबाळ आलाय. फोमचा डबा सोडून साबणाच्या वडीकडे वळलेली बरीच तरुण मंडळी हल्ली विचारतात, "साबणासाठी स्वस्तातला ब्रश कुठला घ्यायचा?" उत्तर देतोच. पण त्याआधी शंभरेक वर्षं मागे जाऊ. तेव्हा हाच प्रश्न काही लोकांच्या जिवावर बेतला होता.

साबणाला ब्रश लागतोच का? आपल्याकडे गावोगाव फिरणाऱ्या न्हाव्याच्या धोकटीत वस्तरा असायचा, पाण्याची वाटी असायची, तुरटी असायची. ब्रश असेलच असं नाही. बोटं पाण्यात बुडवून गाल चोळचोळून दाढी मऊ करायची आणि वस्तरा फिरवायचा. त्या पाण्याचं महत्त्व किती, ते भाषेनंच सांगून ठेवलंय: एखाद्याची 'बिनपाण्यानं करणं' म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगायला नको. पण साबणाची कडक वडी आली की नुसती बोटं पुरत नाहीत. वडीवरून साबण उचलायचा, त्यात पाणी आणि हवा मिसळून दाट फेस करायचा आणि तो केसांच्या मुळाशी पोचवायचा, ही तिन्ही कामं ब्रश करतो. ट्यूबमधलं क्रीम आधीच मऊ असतं, तिथे लेचापेचा ब्रशही चालून जातो. वडीला मात्र कणा असलेला ब्रश लागतो. हे लक्षात ठेवा, शेवटी उपयोगी पडेल.

युरोपात या ब्रशचा राजा म्हणजे बॅजर. तोंडावर काळे-पांढरे पट्टे असलेला, बिळात राहणारा प्राणी. फ्रेंच भाषेत बॅजरला 'ब्लेरो' म्हणतात आणि दाढीच्या ब्रशलाही 'ब्लेरो'च म्हणतात, यावरून काय ते समजा. त्याचा केस मऊ, पाणी भरपूर धरणारा, आणि महाग. त्याखाली घोड्याचा केस आणि डुकराचा राठ केस. आता बाजाराचा नियम असा की वरच्या थरातली वस्तू परवडत नसली, तरी ती परवडल्यासारखं दिसायला सगळ्यांना आवडतं. मग कारखानदारांनी एक युक्ती काढली. घोड्याचे फिकट केस घ्यायचे, त्यावर मधोमध काळा पट्टा रंगवायचा, की झाला 'बॅजरसारखा' ब्रश. दिसायला साहेबी, किंमत कारकुनाला झेपेल अशी. त्या काळचा फर्स्ट कॉपी!

इथवर फसवणूक असली तरी निरुपद्रवी होती. घोड्याचा केस यायचा प्रामुख्याने रशिया, सायबेरिया आणि चीनकडून. युद्धाआधी त्यातला बराचसा माल जर्मनीसारख्या युरोपीय देशांतून पुढे जायचा. तिथे तो निवडला जायचा, धुतला जायचा, जंतुमुक्त केला जायचा. न्यूयॉर्कच्या किंवा लंडनच्या कारखान्यात पोचेपर्यंत कुणीतरी, कुठेतरी ते काम करून ठेवलेलं असायचं. आम्ही सॉफ्टवेअरवाले ज्याला डिपेंडन्सी म्हणतो ना, तसंच हे. आपण न लिहिलेला कोड आपल्यासाठी निमूट काम करत असतो, आणि तो गेला की मगच कळतं की तो होता.

1914 साली पहिलं महायुद्ध पेटलं आणि जर्मनीतून जाणारी ती वाट बंद झाली. केस आता आशियातून, बऱ्याचदा जपानमार्गे, थेट येऊ लागले. मधली धुलाई गळाली. नेमकी त्याच वेळी ब्रशची मागणी वाढली, कारण लाखो पोरं सैन्यात भरती होत होती आणि सैनिकाला रोज दाढी करणं सक्तीचं होतं. ब्रिटिश सैन्यात तर ओठावरची मिशी राखण्याचा नियम होता, तोही 1916 मध्ये रद्द झाला. त्यात विषारी वायूचं युद्ध. दाढी वाढलेली असली की मुखवटा चेहऱ्याला घट्ट बसत नाही. अमेरिका युद्धात उतरल्यावर तिच्या सरकारने एकट्या जिलेटकडून सुमारे 35 लाख रेझर घेतले. प्रत्येक रेझरमागे एक ब्रश धरा. एवढे ब्रश, तेही स्वस्तात आणि लगेच.

मग लष्करी दवाखान्यांत विचित्र रुग्ण येऊ लागले. गालावर किंवा मानेवर आधी खाजणारी पुळी, मग फोड, भोवती प्रचंड सूज आणि काही दिवसांत मधोमध कोळशासारखी काळी खपली. गंमत म्हणजे, गंमत कसली, भयंकर गोष्ट म्हणजे ती खपली फारशी दुखत नाही. हा अँथ्रॅक्स. ग्रीक भाषेत या शब्दाचा अर्थच कोळसा. मराठीत याला म्हणतात काळपुळी, आणि गुरांना होतो तेव्हा शेतकरी आणि पशुवैद्य 'फाशी' असंही म्हणतात. हजारो मैलांवरच्या दोन भाषांनी रोगाला नाव देताना एकच काळा रंग पाहिला.

काळपुळीचा जंतू काय करतो, हे रॉबर्ट कॉखने 1876 मध्येच दाखवून दिलं होतं. परिस्थिती बिघडली की तो स्वतःभोवती कवच करून बीजाणू बनतो आणि वर्षानुवर्षं पडून राहतो. किती वर्षं? ब्रिटिशांनी 1942 मध्ये स्कॉटलंडजवळच्या ग्रुइनार्ड बेटावर अँथ्रॅक्स बॉम्बची चाचणी घेतली. जमिनीवर फॉर्मल्डिहाइड शिंपडून ते बेट सुरक्षित जाहीर करायला 1990 उजाडावं लागलं. तर असे बीजाणू मेलेल्या घोड्याच्या केसात बसून समुद्र ओलांडत होते. पुढचं काम आपणच करून द्यायचो: गरम पाणी, साबण, गोल गोल घासणं आणि वस्तऱ्याने पडलेल्या बारीक चिरा. त्वचेत शिरायला जंतूला यापेक्षा सोयीची वाट कुठली मिळणार? पेनिसिलिन अजून वीसपंचवीस वर्षं लांब होतं. डॉक्टरांच्या हातात प्राण्यांच्या रक्तापासून केलेला सीरम आणि चाकू, बस्स.

अमेरिका आणि ब्रिटन मिळून सैनिक आणि नागरिकांमध्ये असे 200 पेक्षा जास्त रुग्ण नोंदले गेले. युद्धातल्या मृतांच्या आकड्यापुढे हा आकडा किरकोळ वाटेल. पण खंदकातून वाचून आलेला माणूस आरशासमोर उभा राहून दाढी करताना आजारी पडतो, हे पचवायला अवघड आहे.

मला यात सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? काळे केस उकळले, वाफवले, तरी दिसण्यात फरक पडत नाही. फिकट केस मात्र त्या प्रक्रियेत खराब होतात. आणि 'बॅजरसारखा' ब्रश करायला हवेत नेमके फिकट केस. त्यामुळे ज्या केसांची नक्कल करायची, तेच केस नीट जंतुमुक्त न होता पुढे जाण्याची शक्यता जास्त. साधा, ओबडधोबड, डुकराच्या राठ केसांचा ब्रश घेणारा माणूस त्या मानाने सुरक्षित होता. खोटा रुबाब विकत घेणारा जास्त धोक्यात होता. आणि त्याला तर माहीतही नव्हतं की रुबाब खोटा आहे! त्याच्या लेखी तो बॅजरच.

मग सरकारं हलली. ब्रिटनने 1919 मध्ये अँथ्रॅक्स प्रतिबंधक कायदा केला आणि 1920 मध्ये जपानहून येणाऱ्या दाढीच्या ब्रशवर बंदी घातली. अमेरिकेत केस निर्जंतुक करण्याचे नियम आले. त्या काळातले जुने ब्रश आज विकायला दिसतात ना, त्यांच्या मुठीवर 'स्टेरिलाइज्ड' असा शिक्का असतो. आपल्याला तो जाहिरातीचा भाग वाटतो. त्या वेळच्या गिऱ्हाइकाला तो शब्द वाचून हायसं वाटत असणार.

डुकराच्या केसांची गोष्टही कमी नाही. दुसऱ्या महायुद्धात चीनमधला डुकराचा केस अमेरिकेला इतका हवा होता की तो युद्धसामग्रीत मोजला जायचा, कारण रंगाचे आणि सफाईचे ब्रश त्याशिवाय होत नव्हते. 1942 मध्ये ब्रह्मदेश जपानच्या हाती गेल्यावर आसाममधून हिमालयावरून चीनला विमानं जाऊ लागली, ज्याला 'हंप' म्हणतात. जाताना दारूगोळा आणि पेट्रोल. येताना टंगस्टन, कथील आणि डुकराचे केस! जगातल्या सगळ्यात धोकादायक हवाई मार्गांपैकी एकावरून ब्रशचा कच्चा माल भारतात उतरत होता.

दरम्यान नायलॉन आलं होतं. 1938 मध्ये त्याचा टूथब्रश बाजारात आला, हळूहळू दाढीचा ब्रशही आला. पहिले नायलॉनचे ब्रश मासे धरायच्या दोरीसारखे होते, पाणी धरायचेच नाहीत. पुढे 1949 मध्ये डब्यातला फोम आला आणि ब्रशची गरजच संपली असं वाटलं. पण गेल्या काही वर्षांतले कृत्रिम तंतू अगदी बारीक आणि टोकाशी मऊ असतात. जुनं नायलॉन डोक्यात ठेवून त्यांना नाव ठेवू नका.

तर आता उत्तर. बजेट कमी असेल आणि साबणाची वडी वापरायची असेल, तर माझ्या मते दोनच पर्याय. एक, नवीन पद्धतीचा सिंथेटिक. भिजवत बसायला नको, लवकर वाळतो, कुठल्याही प्राण्याचा केस नाही. ज्यांना डुकराचा केस चेहऱ्याला लावायचा नाही, त्यांचाही प्रश्न मिटला. आमच्यासारख्या सकाळच्या कॉलच्या पाच मिनिटं आधी उठणाऱ्यांना हाच बरा. दुसरा, डुकराच्या केसांचा, इटलीच्या ओमेगासारखा. सुरुवातीला टोचतो, थोडा वासही येतो. पण वापरता वापरता केसांची टोकं फुटून मऊ होतात आणि कणा तसाच राहतो. वडीवरून साबण उचलायला त्याच्यासारखा गडी नाही. वापरण्याआधी पाच मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा, एवढंच.

स्वस्तात 'प्युअर बॅजर' म्हणून मिळणारा घेऊ नका. एक तर तो बऱ्याचदा त्या प्राण्याचा सगळ्यात हलका केस असतो, आणि दुसरं कारण तुम्ही आत्ताच ऐकलंत.

आणि ऑनलाइन लिलावातला 1915 ते 1920च्या काळातला देखणा जुना ब्रश? 2017 मध्ये अमेरिकेच्या सीडीसीच्या नियतकालिकात यावर लेख आला होता. आज धोका फारच कमी आहे, असं त्यात म्हटलंय. पण जुन्या, निर्जंतुक न केलेल्या घोड्याच्या केसांचा ब्रश वापरायला काढूच नये. मूठ आवडली असेल तर केस काढून टाका आणि नवीन सिंथेटिक गठ्ठा चिकटवून घ्या. केस काढताना मात्र हातमोजे घाला आणि तोंडाला मास्क लावा.