रॅम्प मीटरिंग म्हणजे काय? एक छोटा सिग्नल हायवेवरची कोंडी कशी कमी करतो?



मध्यंतरी मी मित्राच्या गाडीतून ठाण्याहून सायनला निघालो होतो. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीजवळ गाडी थांबली. मोबाईलवर मॅप उघडला, तर पुढचा रस्ता लालभडक! वीसेक मिनिटं मुंगीच्या पावलांनी सरकलो आणि मग अचानक रस्ता मोकळा. ना अपघात, ना खड्डा, ना बंद पडलेला ट्रक. मग आपण अडकलो कशामुळे? हा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून माहिती शोधली. तीच आज सोप्या भाषेत सांगतो.

मॅपवर लाल रेघ कशी येते?

रस्त्यावरच्या अनेक मोबाईलमधून लोकेशन आणि वेगाची माहिती निनावी स्वरूपात गुगलकडे जाते. एखाद्या पट्ट्यातले बरेच फोन हळू सरकत असतील, तर तिथे लाल रंग दिसतो. म्हणजे मॅप आपल्याला कोंडी दाखवतो, पण ती का झाली हे दर वेळी सांगत नाही.

कारण नसताना कोंडी कशी होते?

जपानमधल्या संशोधकांनी २००८ मध्ये एक मजेशीर प्रयोग प्रसिद्ध केला. २३० मीटरच्या गोल रस्त्यावर २२ गाड्या सोडल्या आणि चालकांना ताशी ३० किमीच्या आसपास वेग ठेवायला सांगितलं. रस्त्यात सिग्नल नाही, अडथळा नाही. तरीही थोड्या वेळाने कोंडी झालीच! एकाने जरासा वेग कमी केला की मागचा थोडा जास्त ब्रेक मारतो, त्याच्या मागचा त्याहून जास्त. ही लाट मागे मागे सरकत जाते.

हायवेच्या एका लेनमधून तासाला साधारण २,००० गाड्या जाऊ शकतात. पण एकदा कोंडी झाली की तेवढ्याही जात नाहीत. दादरला लोकलच्या दारात सगळे एकदम घुसले, तर चढणारेही अडकतात आणि उतरणारेही. अगदी तसंच.

रॅम्प मीटरिंग कसं काम करतं?

रॅम्प म्हणजे हायवेवर चढण्याचा जोडरस्ता. तिथे एक सिग्नल लावतात. तो दर काही सेकंदांनी हिरवा होतो आणि बहुतेक ठिकाणी एका वेळी एकच गाडी सोडतो. त्यामुळे गाड्यांचा घोळका एकदम हायवेवर घुसत नाही.

हायवेखाली तारेची वेटोळी पुरलेली असतात. वरून गाडी गेली की विद्युत प्रवाहात बदल होतो आणि गाडी मोजली जाते. त्यावरून कॉम्प्युटर ठरवतो, की सिग्नल किती वेळाने हिरवा करायचा. अमेरिकेत शिकागोमध्ये १९६३ मध्ये याची सुरुवात झाली, तेव्हा हे काम चक्क एक पोलीस हाताने करत होता!

खरंच फायदा होतो का?

याचं उत्तर अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मिळालं. मिनियापोलिस-सेंट पॉल या जोडशहरांत असे सुमारे ४३० सिग्नल होते. समोर हायवे मोकळा दिसतोय आणि आपण रॅम्पवर ताटकळतोय, म्हणून लोक वैतागले. शेवटी राज्याच्या विधिमंडळाने आदेश दिला, की सिग्नल बंद करून बघा. २००० च्या ऑक्टोबरपासून जवळपास आठ आठवडे ते बंद राहिले. परिणाम बघा:

- हायवेवरून जाणाऱ्या गाड्या ९ टक्क्यांनी घटल्या.
- हायवेवरच्या प्रवासाचा वेळ २२ टक्क्यांनी वाढला.
- अपघात २६ टक्क्यांनी वाढले.

म्हणजे सिग्नल कामाचेच होते. पण माझ्या मते खरी गोष्ट पुढे आहे. सिग्नल परत आले, तरी लोकांची तक्रारही खोटी नव्हती. सगळ्यांचा वेळ वाचावा म्हणून रॅम्पवरच्या माणसाने किती थांबायचं? म्हणून नवीन नियम आला: साध्या रॅम्पवर जास्तीत जास्त ४ मिनिटं आणि एका हायवेवरून दुसऱ्यावर जाताना २ मिनिटं. सिग्नल राहिले, पण थांबण्याला मर्यादा आली.

आपण काय करू शकतो?

- पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा. तुम्ही जोरात ब्रेक मारला नाही, तर ती लाट तुमच्यापाशीच विरते.
- सारखी लेन बदलू नका. प्रत्येक घुसखोरीमुळे मागचा ब्रेक मारतो.
- दोन लेन एकत्र होतात तिथे एक गाडी इकडची, एक तिकडची अशी जाऊ द्या.
- मॅपवर रस्ता निघण्याआधीच लावा. गाडी चालवताना मोबाईल हातात नकोच.

तर मित्रांनो, पुढच्या वेळी मॅपवर लाल रेघ दिसली की हॉर्नवरचा हात काढा आणि पुढच्या गाडीपासून थोडी जागा सोडा. कोंडी एका ब्रेकने सुरू होऊ शकते, तशी एका शांत चालकामुळे थोडी कमीही होऊ शकते.