हमीदा बानू : एका स्त्री-मल्लाची कीर्ती

सभागृहाच्या दारातच एका चिपळूणकर गृहस्थांनी मला विचारले, "त्या बाईच्या कुस्त्या खऱ्या होत्या, की नूरा?" आजच्या विषयाचे मर्मच त्यांनी हेरले. ज्यूदोत स्त्रियांना ऑलिंपिकचे पदक 1992 साली खुले झाले. कुस्तीत तर 2004 पर्यंत वाट पाहावी लागली. पण 1954 साली मुंबई राज्यात हमीदा बानू नावाची स्त्री पुरुषांशी लढत होती, आणि तिला पाहावयास माणसांची रीघ लागत होती.

हमीदा मूळची मिर्झापूरकडची. सलाम पहिलवानांच्या हाताखाली ती अलीगढला तयार झाली. उंची पाच फूट तीन इंच, वजन 108 किलो. तिचा खुराक काय, ती झोपते किती, हेही वर्तमानपत्रे मिटक्या मारीत छापीत. पुरुष मल्लाच्या झोपेची अशी चौकशी कोणी केल्याचे माझ्या वाचनात नाही! मुंबईत 1944 साली गुंगा पहिलवानाशी तिची कुस्ती ठरली, तेव्हा वीस हजार लोक जमले. ऐन वेळी कुस्ती मोडली आणि चिडलेल्या प्रेक्षकांनी मैदानाची नासधूस केली.

पुढे 1954 च्या फेब्रुवारीत तिने पुकारा केला, "मला जो चीत करील, त्याच्याशी मी लग्न करीन." पण जनकाच्या घरचा पण वेगळा, येथे वधूच धनुष्य होती. पतियाळाचा एक मल्ल हरला, कलकत्त्याचा हरला. मे महिन्यात बडोद्यास बाबा पहिलवान एक मिनिट चौतीस सेकंदांत पडला. त्याच वर्षी मुंबईत व्हेरा चिस्टिलिन या रशियन स्त्री-मल्लास तिने मिनिटाच्या आत लोळविले.

संशय येतो तो येथेच. कोल्हापुरास तिने सोमासिंग पंजाबी यास हरविले, तेव्हा तालमींच्या त्या नगरीत तिच्यावर दगड आले. पुण्यात रामचंद्र साळुंके याच्याशी ठरलेली कुस्ती कुस्तीसंघाच्या विरोधामुळे रद्द झाली. हमीदाने मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्याकडे दाद मागितली. उत्तर आले की, ती स्त्री आहे म्हणून बंदी नाही. ठेकेदार तिच्यापुढे नकली मल्ल उभे करतात, अशा तक्रारी आहेत.

आता निवाडा कसा करावा? दीड मिनिटाची कुस्ती पाहून जाणत्याची भुवई वर जाणारच, हे मी नाकारीत नाही. काही जोडी ठेकेदारांनी जुळविल्या असतील. तथापि नूरा कुस्ती हमीदाने आणली नाही. पुरुषांच्या फडातही ती होतीच. कोल्हापूरकरांचे दगड फसवणुकीच्या रागाने आले, की पुरुष पाठीवर पडलेला पाहवेना म्हणून, हे दगड मारणाऱ्यांनाही सांगता आले असते असे मला वाटत नाही. माझ्यापुरते म्हणाल, तर साऱ्याच कुस्त्या खोट्या असतील, हे मला पटत नाही.

युरोपात जाऊन लढण्याची तिची मनीषा होती. सलाम पहिलवानांनी मारहाण करून, हात मोडून तिला रोखले, असे तिच्या घरच्यांनी पुढे सांगितले. ती आखाड्यातून दिसेनाशी झाली. उत्तरायुष्य कल्याणला गेले, दूध विकण्यात.

महिला महाराष्ट्र केसरी ही स्पर्धा 2023 साली सांगलीस प्रथम भरली. अंतिम कुस्तीत सांगलीच्या प्रतीक्षा बागडीने गदा जिंकली. तिच्यासमोर उभी होती वैष्णवी पाटील, कल्याणची.