गोल्फचे विजेते आणि श्रेष्ठत्वाचें माप

गतकालचा मल्ल मोठा कीं आजचा, हा वाद तालमींइतकाच जुना आणि तितकाच अनिर्णित आहे. दोघांची कुस्ती लागणें शक्य नसतें. एक मातींत उतरतो तेव्हां दुसरा मातीआड झालेला असतो. गोल्फच्या खेळांत मात्र हा वाद सुटण्यासारखा आहे, असें प्रथमदर्शनीं वाटतें. येथें प्रतिस्पर्ध्याशीं झोंबी नाहीं. एक चेंडू, कांहीं काठ्या आणि विस्तीर्ण मैदानांत दूरदूर खणलेलीं छिद्रें, एवढेंच साहित्य. ज्याला सर्वांत कमी फटके लागतात तो जिंकतो, आणि त्या फटक्यांची बेरीज कागदावर कायम राहते. मग शंभर वर्षांच्या अंतरावरील दोघांचे आंकडे शेजारीं ठेवले कीं निकाल लागला! परंतु हा हिशेब मांडूं गेलें म्हणजे प्रत्येक आंकडा आपल्या काळाची अट बरोबर घेऊन येतो. ती अट बाजूला सारली कीं आंकडा खोटी साक्ष देऊं लागतो.

स्कॉटलंडमधील प्रेस्टविक येथें १८६० सालीं पहिली ओपन स्पर्धा झाली, तेव्हां खेळाडू अवघे आठ होते. मैदानावर छिद्रें बारा, आणि एकाच दिवशीं त्याच्या तीन फेऱ्या. विजेत्यास तांबड्या कातड्याचा पट्टा मिळे. लागोपाठ तीन वर्षें जिंकणाऱ्यानें तो कायमचा न्यावा, असा नियम होता. सेंट अँड्र्यूजच्या टॉम मॉरिसचा त्याच नांवाचा मुलगा, ज्याला इतिहास ‘धाकटा टॉम’ म्हणून ओळखतो, यानें १८६८ सालीं वयाच्या सतराव्या वर्षीं ही स्पर्धा जिंकली. पुढील दोन वर्षीं पुन्हां जिंकून त्यानें पट्टा घरीं नेला. १८७० सालीं ३६ छिद्रांस त्याला १४९ फटके लागले, आणि दुसरा क्रमांक त्याच्या १२ फटके मागें राहिला. त्या दिवशीं ५७८ यार्डांचें पहिलें छिद्र त्यानें तीनच फटक्यांत गांठलें, तेंही गट्टापर्चाच्या कठीण चेंडूनें आणि लाकडी दांड्याच्या काठीनें. पट्टाच उरला नाहीं म्हणून १८७१ सालीं स्पर्धा भरली नाहीं. १८७२ सालीं ती भरली, आणि तीही त्यानेंच जिंकली. १८७५ च्या सप्टेंबरांत बाळंतपणांत त्याची पत्नी व मूल दोन्हीं गेलीं. त्याच वर्षीं नाताळच्या दिवशीं तोही गेला. तेव्हां त्याचें वय चोवीस वर्षांचें होतें. वहींत त्याच्या नांवावर चार हा आंकडा आहे. पण त्याच्या काळीं वर्षांतून अशी स्पर्धाच एक होती.

चेंडू आणि काठी बदलली कीं माणसाचें कौशल्य टिकतें काय, याचें उत्तर हॅरी व्हार्डननें दिलें. ज्या वर्षीं धाकट्या टॉमनें पट्टा घरीं नेला, त्याच वर्षीं, १८७० सालीं, हा जर्सी बेटावर जन्मला. गट्टापर्चाच्या राज्यांत त्यानें १८९६, १८९८ आणि १८९९ अशी तीनदां ओपन जिंकली. १९०२ सालीं सँडी हर्ड रबरी गाभ्याच्या नव्या चेंडूनें जिंकला आणि जुना चेंडू मागें पडला. व्हार्डनला क्षयानें गांठलें होतें. तरीही १९०३, १९११ आणि १९१४ या वर्षीं विजयी तोच. हा सहा विजयांचा विक्रम आजही अभंग आहे.

खेळाचें साहित्य बदलतें तसा मोजण्याचा कांटाही बदलतो, हें बॉबी जोन्सच्या उदाहरणांत स्पष्ट दिसतें. हा अटलांटाचा वकील. पैशासाठीं तो कधीं स्पर्धा खेळला नाहीं. १९३० सालीं ब्रिटन आणि अमेरिका यांच्या दोन ओपन व दोन हौशी स्पर्धा, अशा चारही त्यानें एकाच मोसमांत जिंकल्या आणि अठ्ठाविसाव्या वर्षीं स्पर्धेचें मैदान सोडलें. त्याच्या काळच्या गणतीनें त्याचीं मोठीं विजेतेपदें तेरा होतात. आज हौशी स्पर्धा त्या मालिकेंत धरीत नाहींत. म्हणून तेराचीं सात झालीं. जोन्स तोच, फटके तेच. फक्त मोजणारा बदलला. बेन होगनची गोष्टही अशीच. १९४९ सालीं त्याच्या मोटारीवर बस आदळली. तो पुन्हां चालेल कीं नाहीं याचीच शंका होती. १९५० सालीं त्यानें अमेरिकन ओपन जिंकली, आणि १९५३ सालीं तीन मोठ्या स्पर्धा खेळून तीनही जिंकल्या. चौथीच्या तारखा ब्रिटिश ओपनच्या तारखांशीं भिडल्यामुळें ती त्याला खेळतांच आली नाहीं.

आंकड्यांच्या मागें आणखी एक गोष्ट दडलेली असते: मैदानावर कोणाला येऊं दिलें गेलें नाहीं. अमेरिकेंतील व्यावसायिक खेळाडूंच्या संघाच्या घटनेंत केवळ गोऱ्यांनाच सभासदत्व देणारें कलम होतें. तें १९६१ सालीं रद्द झालें. ऑगस्टा येथील मास्टर्स स्पर्धेंत पहिला कृष्णवर्णीय खेळाडू, ली एल्डर, उतरला तो १९७५ सालीं. तोंवरच्या विजेत्यांचें कौशल्य यामुळें कमी ठरत नाहीं. परंतु त्यांनीं कोणाला हरविलें याच्या यादीशेजारीं, ज्यांना त्यांच्यासमोर उभेंच राहूं दिलें नाहीं त्यांची एक कोरी यादीही असते.

जॅक निक्लॉसचा पहिला मोठा विजय १९६२ चा आणि अठरावा १९८६ चा. तेव्हां तो सेहेचाळीस वर्षांचा होता. त्याखेरीज तो एकोणीस वेळां दुसरा आला. त्याच्या विजयांपेक्षांही हे एकोणीस पराभव अधिक बोलके आहेत. पाव शतक तो शिखराच्या आसपासच वावरत होता. टायगर वूड्सची गोष्ट निराळी. १९९७ सालीं, एकविसाव्या वर्षीं, त्याच ऑगस्टा येथें त्यानें १२ फटक्यांच्या अंतरानें मास्टर्स जिंकली. २००० सालीं पेबल बीच येथील अमेरिकन ओपनमध्यें हें अंतर १५ झालें. १८६२ सालीं थोरल्या टॉम मॉरिसनें १३ फटक्यांनीं केलेला विक्रम १३८ वर्षांनीं मोडला; पण थोरल्या टॉमसमोर मूठभर सोबती होते, वूड्ससमोर जगभरांतून निवडलेले दीडशेंहून अधिक खेळाडू. त्याचीं मोठीं विजेतेपदें पंधरा. शेवटचें २०१९ सालचें, पाठीच्या मणक्यांवर शस्त्रक्रिया झाल्यानंतरचें. हौशी विजेतेपदें धरणाऱ्या जुन्या गणतीनें मोजल्यास निक्लॉस वीसांवर आणि वूड्स अठरांवर जातो.

तेव्हां एकच कांटा सर्वांस लावणें अन्यायाचें होईल. समकालीनांपासून किती अंतर राखलें, तें किती वर्षें टिकविलें, आणि तें किती मोठ्या समुदायांत राखलें, हीं तीन मापें वेगवेगळीं धरावींत. पहिलें आणि तिसरें एकत्र धरल्यास २००० सालच्या वूड्सच्या उंचीला कोणी पोंचत नाहीं. दुसऱ्या मापानें निक्लॉसच्या पुढें कोणी नाहीं. आणि धाकट्या टॉमच्या बाबतींत दुसरें माप लावण्याचा अधिकारच मृत्यूनें काढून घेतला आहे.

या विजेत्यांनीं स्वतः मात्र ही तुलना निराळ्या रीतीनें केली. १९२० च्या अमेरिकन ओपनमध्यें अठरा वर्षांचा जोन्स पन्नाशींतल्या व्हार्डनबरोबर खेळला. कोलंबसच्या ज्या मैदानावर जोन्सनें १९२६ सालीं अमेरिकन ओपन जिंकली, तेथेंच पुढें बाल निक्लॉस जोन्सच्या गोष्टी ऐकत खेळ शिकला. आणि निक्लॉसनें कोणत्या वयांत काय मिळविलें याची यादी वूड्सच्या लहानपणीं त्याच्या खोलीच्या भिंतीवर लावलेली होती. प्रत्येकानें मागच्याला माप मानलें आणि म्हणूनच तो स्वतः पुढच्याचें माप झाला. तो मागचा नसता तर पुढचा इतका वाढता ना. श्रेष्ठ कोण हें ठरवितांना ही गोष्ट हिशेबांत धरावयास हवी.