नवापूरचा बर्ड फ्लू, अमेरिकेचं चिकन आणि डब्ल्यूटीओतला खटला



पेट परीक्षेची तयारी करताना किंवा सिनॉप्सिस लिहायला बसल्यावर पहिली अडचण येते ती विषयाची. "विषय स्थानिक घेतला तर छोटा वाटतो, जागतिक घेतला तर हाताला लागत नाही." आज असा एक विषय बघू, जो नंदुरबार जिल्ह्यातल्या एका तालुक्यात सुरू होतो आणि जिनिव्हात जागतिक व्यापार संघटनेच्या, म्हणजे डब्ल्यूटीओच्या दारात पोहोचतो. विषय इतिहासाचा आहे, पण तो समजून घ्यायला थोडं विषाणुशास्त्र लागतं, थोडा कायदा लागतो आणि थोडं अर्थशास्त्रही लागतं.

प्रश्न एकच डोक्यात ठेवा. एखादा देश "आमच्या लोकांच्या आणि जनावरांच्या आरोग्यासाठी" म्हणून बाहेरचा माल अडवतो, तेव्हा ती खरी खबरदारी आहे की बाजार वाचवायची युक्ती, हे ओळखायचं कसं?

फेब्रुवारी २००६, नवापूर

नवापूर हा नंदुरबार जिल्ह्यातला आदिवासीबहुल तालुका, अगदी गुजरातच्या हद्दीला लागून. नवापूरचं रेल्वे स्टेशन तर अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये आहे. या भागात मोठे पोल्ट्री फार्म उभे राहिले होते आणि त्यांच्या आजूबाजूच्या पाड्यांवर घरोघरी गावठी कोंबड्याही होत्या.

२००६ च्या सुरुवातीला इथल्या फार्मवर कोंबड्या मोठ्या संख्येने मरू लागल्या. आधी अंदाज केला गेला तो राणीखेत रोगाचा, कारण पोल्ट्रीवाल्यांना तो ओळखीचा आहे आणि लक्षणंही काही प्रमाणात सारखी दिसतात. नमुने भोपाळच्या उच्चसुरक्षा पशुरोग प्रयोगशाळेत गेले. १८ फेब्रुवारी २००६ ला जाहीर झालं की हा एच५एन१ आहे. भारतात बर्ड फ्लूची अधिकृत नोंद झालेला हा पहिलाच उद्रेक.

पुढे काय झालं ते अनेकांनी टीव्हीवर पाहिलेलं असेल. पांढऱ्या पोशाखातले कर्मचारी, खड्डे, चुना. काही दिवसांत सुमारे अडीच लाख पक्षी मारून पुरले गेले, अंडी नष्ट केली गेली. सीमेपलीकडे तेव्हाच्या सुरत जिल्ह्यातल्या उच्छलमध्येही रोग सापडला आणि मार्चमध्ये जळगाव जिल्ह्यात. माणसांचेही नमुने तपासले गेले, पण त्या उद्रेकात माणसाला लागण झाल्याचं सिद्ध झालं नाही.

वर्तुळाचं गणित

आता एका तांत्रिक गोष्टीकडे लक्ष द्या, कारण पुढचा सगळा खटला तिच्यावर उभा आहे. रोग सापडला की सरकार नकाशावर त्या फार्मभोवती वर्तुळ काढतं. तेव्हाच्या आराखड्यात पक्षी मारण्यासाठी ३ किलोमीटरचं वर्तुळ होतं आणि निगराणीसाठी १० किलोमीटरचं. आतल्या वर्तुळात आजारी-निरोगी असा भेद नाही. फार्मवरची हजारो लेअर असोत की खुराड्यातल्या चार गावठी कोंबड्या, सगळ्या जातात. भरपाई मिळते, पण नवी पिल्लं आणून ती अंड्यावर येईपर्यंतचे महिने कोण भरून देणार?

ही किंमत नवापूरच्या लोकांनी कशासाठी मोजली? वर्तुळाबाहेरच्यांचा धंदा चालू राहावा म्हणून. "रोग इथे आहे, तिथे नाही" हे सिद्ध करणारी सीमारेषा म्हणजे ते वर्तुळ. व्यापाराच्या भाषेत याला क्षेत्रनिहाय मान्यता म्हणता येईल. अख्खा देश रोगी न मानता, रोगाचं क्षेत्र आणि रोगमुक्त क्षेत्र वेगळं मानायचं.

पण नवापूरची बातमी येताच अनेक देशांनी संपूर्ण भारतातल्या कोंबड्या आणि अंड्यांची आयात थांबवली. तमिळनाडूतलं नामक्कल हे अंडी निर्यातीचं मोठं केंद्र, आखाती देश हे त्याचं गिऱ्हाईक. नवापूरपासून नामक्कल हजार किलोमीटरहून जास्त लांब. तरी फटका बसला. तेव्हा आपली बाजू काय होती? साहजिकच, "नवापूर म्हणजे नामक्कल नव्हे."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढे तेच आपल्यावर उलटणार आहे.

आता खुर्च्या बदलू

भारताकडे १८९८ सालचा पशुधन आयात कायदा आहे. इंग्रजांच्या काळातला, नंतर सुधारलेला. त्याच्या आधारे २००७ पासून भारताने बर्ड फ्लू आढळलेल्या देशांतून कोंबडी आणि तिच्या पदार्थांची आयात रोखायला सुरुवात केली. १९ जुलै २०११ ला यासंबंधीची अधिसूचना निघाली. ज्या देशाने बर्ड फ्लूची नोंद केली असेल, त्या देशातून जिवंत पक्षी, प्रक्रिया न केलेलं मांस, अंडी, पिसं, इतकंच काय जिवंत डुकरंसुद्धा आणायची नाहीत.

यात दोन बारकावे आहेत.

पहिला: बर्ड फ्लू दोन प्रकारचा असतो. तीव्र प्रकारात कळपच्या कळप मरतात, जसे नवापुरात मेले. सौम्य प्रकारात कोंबडी फारशी आजारी दिसतही नाही. पण एच५ आणि एच७ गटातले सौम्य विषाणू बदलून तीव्र होऊ शकतात, म्हणून त्यांचीही नोंद जागतिक पशुआरोग्य संघटनेकडे, म्हणजे तेव्हाच्या ओआयईकडे करावी लागायची. भारताची बंदी दोन्ही प्रकारांना लागू होती. अमेरिकेत २००४ नंतर तीव्र प्रकार आढळला नव्हता, सौम्य प्रकार मात्र मधूनमधून नोंदवला जात होता.

दुसरा: बंदी देशावर होती, क्षेत्रावर नाही. अमेरिकेतल्या एका काउंटीत सौम्य विषाणू सापडला, तर अख्खी अमेरिका बंद.

अमेरिकेचा हेतू काही निव्वळ विज्ञानप्रेमाचा नव्हता, हेही समजून घ्या. तिथल्या ग्राहकाला छातीचं मांस जास्त आवडतं, त्यामुळे लेग पीस स्वस्तात उरतात आणि त्यांना बाहेर बाजार हवा असतो. आपल्याकडे उलट, तंगडीलाच मागणी. स्वस्त गोठवलेले लेग पीस आले तर आपले पोल्ट्रीवाले टिकतील का, ही भीती खरी होती. त्या भीतीसाठी आपल्याकडे वेगळं हत्यारही होतं: कोंबडीच्या तुकड्यांवर १०० टक्के आयात शुल्क. शुल्क हे उघडपणे बाजार वाचवण्याचं साधन आहे. आरोग्याच्या कारणाने घातलेली बंदी मात्र पुरावा मागते.

खटला क्रमांक ४३०

मार्च २०१२ मध्ये अमेरिका डब्ल्यूटीओत गेली. आधार होता १९९५ पासून लागू असलेला एसपीएस करार, म्हणजे माणूस, प्राणी आणि वनस्पतींच्या आरोग्यासाठीच्या उपायांचा करार. बरेच जण समजतात तसा हा करार देशांचे हात बांधत नाही. किती सुरक्षितता हवी हे प्रत्येक देश स्वतः ठरवू शकतो, अगदी आंतरराष्ट्रीय मानकापेक्षा कडक नियमही करू शकतो. फक्त तीन प्रश्नांची उत्तरं द्यावी लागतात. नियमामागे जोखमीचा शास्त्रीय अभ्यास आहे का? परदेशी मालाला लावता तीच पट्टी घरी लावता का? आणि रोगमुक्त क्षेत्र ही कल्पना मानता का?

पहिल्या प्रश्नावर भारताचं म्हणणं होतं की आमची बंदी ओआयईच्या संहितेला धरूनच आहे, त्यामुळे वेगळ्या अभ्यासाची गरज नाही. पॅनेलने ओआयईशी सल्लामसलत केली, तज्ज्ञांची मतं घेतली आणि म्हटलं, संहिता अशी सरसकट बंदी सुचवत नाही. ती योग्य अटींवर व्यापार कसा करावा हे सांगते. मग स्वतंत्र जोखीम-अभ्यास हवा होता, आणि तो नव्हता.

दुसरा प्रश्न सगळ्यात बोचरा. देशात रोग सापडला की भारत १० किलोमीटरपर्यंत निर्बंध घालतो, बाहेर सापडला की पूर्ण देशावर. हा भेद का? आणि सौम्य प्रकाराचं काय? भारत म्हणाला, आमच्याकडे तो नाहीच. पण तो शोधायला काय करता? आपली निगराणी मुख्यतः लक्षणांवर आधारलेली होती, कोंबड्या मरू लागल्या की तपासा अशी. ज्या रोगात लक्षणंच दिसत नाहीत, तो अशा निगराणीत सापडणार कसा? विज्ञानाच्या विद्यार्थ्याला हे नवीन नाही. "आढळला नाही" आणि "अस्तित्वात नाही" यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक किती हे तुमच्या शोधण्याच्या पद्धतीवर ठरतं.

तिसऱ्या प्रश्नावर भारताने सांगितलं की अमेरिकेने रोगमुक्त क्षेत्र मान्य करा असा रीतसर प्रस्तावच दिला नाही. उत्तर मिळालं की अधिसूचनेत क्षेत्राला जागाच नाही, मग अर्ज करायचा तरी कशाच्या आधारे?

१४ ऑक्टोबर २०१४ ला पॅनेलचा अहवाल आला, ४ जून २०१५ ला अपीलाचा. काही मुद्द्यांवर अपीलात भारताला थोडा दिलासा मिळाला, पण मुख्य निष्कर्ष कायम राहिले. जुलै २०१६ मध्ये भारताने क्षेत्रांना जागा देणारी नवी अधिसूचना काढली. अमेरिकेचं समाधान झालं नाही, तिने वर्षाला ४५ कोटी डॉलरच्या प्रतिनिर्बंधांची परवानगी मागितली. मग अनेक वर्षं पत्रापत्री. शेवटी सप्टेंबर २०२३ मध्ये, दिल्लीतल्या जी-२० परिषदेच्या सुमारास, वाद तडजोडीने मिटला. भारताने गोठवलेलं टर्की आणि बदक, शिवाय ब्लूबेरी आणि क्रॅनबेरी यांवरचं शुल्क कमी करायचं मान्य केलं. कोंबडीच्या रोगावरून सुरू झालेलं भांडण बेरीच्या शुल्कावर येऊन थांबलं! वाटाघाटीत असंच होतं. शास्त्रीय मुद्दा हरलेला देश दुसऱ्या खात्यातून किंमत मोजतो.

यातून संशोधकाने काय घ्यायचं?

या खटल्याची दोन सोपी कथानकं बाजारात मिळतील. एक, "बलाढ्य अमेरिकेने गरीब देशाचा हात पिरगाळला." दुसरं, "भारताने आरोग्याच्या नावाखाली संरक्षणवाद केला." दोन्हींत थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच दोन्हींवर प्रबंध उभा राहत नाही. मला यातली महत्त्वाची गोष्ट वेगळी वाटते: सीमेवर लावलेला नियम टिकतो तो घरात पाळलेल्या नियमाच्या जोरावर. आपण जिनिव्हात कमी पडलो त्याचं मोठं कारण इथल्या निगराणीत होतं. परसातल्या कोंबड्यांचे नियमित रक्तनमुने, तालुक्याच्या ठिकाणी पुरेसे पशुवैद्यक, जवळ प्रयोगशाळा, भरवशाची भरपाई. या गोष्टी आपण "खात्याचं काम" म्हणून सोडून देतो, पण वाटाघाटीच्या टेबलावर देशाचा पुरावा त्यांतूनच तयार होतो.

आणि पुरावा देणारा कोण? तोच नवापूरचा पोल्ट्रीवाला. कोंबडी मेली हे त्याने लगेच कळवलं तरच रोग वेळेत सापडतो. कळवल्यावर सर्वस्व जाणार असेल तर तो का कळवेल? देशांचंही तसंच आहे. नोंद केली की बंदी येणार असेल, तर नोंद लपवण्याकडे कल होतो. म्हणूनच ओआयईच्या संहितेत स्पष्ट लिहिलं होतं की रानपक्ष्यांमध्ये विषाणू सापडल्याची नोंद कुणी केली, तर तेवढ्यावरून पोल्ट्रीच्या व्यापारावर लगेच बंदी घालू नये. प्रामाणिकपणाला शिक्षा होऊ नये, हे तत्त्व पाड्यापासून जिनिव्हापर्यंत एकच आहे.

नवापुरात फेब्रुवारी २०२१ मध्ये पुन्हा बर्ड फ्लू आला, पुन्हा वर्तुळं आखली गेली. म्हणजे विषय संपलेला नाही. पुढच्या व्यापार करारांत दूध, मका, सोयाबीन, चिकन या सगळ्यांवर हेच तीन प्रश्न विचारले जाणार आहेत.

तुमच्यापैकी कुणाला हा विषय पुढे न्यायचा असेल, तर सुरुवात अशी करा. पॅनेलचा अहवाल डब्ल्यूटीओकडे सर्वांसाठी खुला आहे. तो पहिल्या पानापासून वाचू नका, दमून जाल. आधी भारताच्या देशांतर्गत आराखड्याबद्दलचा भाग वाचा. मग २००६ आणि २०२१ या दोन्ही वेळी नवापुरात प्रत्यक्षात काय पाळलं गेलं ते शोधा: तालुका पशुवैद्यकीय दवाखान्याच्या नोंदी, ग्रामपंचायतीचे ठराव, स्थानिक वर्तमानपत्रांचे जुने अंक, आणि ज्यांच्या कोंबड्या गेल्या त्या माणसांच्या मुलाखती. शक्य असेल तर उच्छलच्या बाजूनेही तेच करा, कारण विषाणूला राज्याची हद्द कळत नाही, पण भरपाईच्या फाइलला कळते. कागदावरचं वर्तुळ आणि जमिनीवरचं वर्तुळ यांत जे अंतर सापडेल, तिथे तुमचा संशोधन प्रश्न आहे.

प्रश्न असतील तर जरूर विचारा. सिनॉप्सिससाठी शुभेच्छा!